टाके घातलेली बाहुली

लहानपणची आवडती बाहुली कशी होती, असे एखाद्या प्रौढ माणसाला विचारले तर उत्तर बहुधा तिच्या रूपापासून सुरू होत नाही. तिचा एक डोळा आत गेला होता, डावा हात खांद्यातून निघायचा, केस धाकट्या भावाने कात्रीने भादरले होते, पोटाची शिवण उसवून कापूस बाहेर यायचा, अशा कुठल्या तरी ठिकाणाहून आठवण सुरू होते. साडीचा रंग, चेहऱ्याची ठेवण, किंमत हे सगळे मागून येते आणि पुष्कळदा येतच नाही. ज्या बाहुलीला कधी काही झाले नाही, जी शोकेसच्या काचेआड शाबूत राहिली, तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नसते. लाडक्या बाहुलीची आठवण म्हणजे मोठ्या अंशी तिच्या मोडण्याची आणि तिच्या दुरुस्तीची आठवण असते.

मराठीत डोळ्याच्या मध्यभागच्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यांत जवळून पाहिले की तिथे आपलीच इवलीशी आकृती उभी दिसते. संस्कृतातल्या ‘कनीनिका’ या शब्दात अशीच एक लहान मुलगी दडलेली आहे आणि लॅटिनमधल्या ‘पुपिला’ या शब्दातही. एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांना डोळ्यात बाहुलीच दिसावी, यावरून माणसाच्या मनात ती किती खोल बसली आहे हे कळते.

काजळाचे डोळे, कुंकवाचे ओठ

आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बहुतेक बायकांची पहिली बाहुली चिंध्यांची होती. ती विकत आणायची वस्तूच नव्हती. ती घरात, दुपारी, जेवणखाण आवरल्यावर आजीच्या किंवा आत्याच्या हातून व्हायची. लागणारे सामान घरचेच: धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर किंवा नऊवारी, फाटक्या गादीतला कापूस नाहीतर सावरीचा, शिंप्याकडून आणलेले कातरण आणि सुईदोरा.

कृती साधी, पण तिला क्रम होता. आधी डोके. कापसाची सुपारीएवढी किंवा लिंबाएवढी गोळी पांढऱ्या कापडात घालून खाली दोरा आवळायचा, की झाली मान. मान लुळी पडू नये म्हणून आत खराट्याची काडी खोवायची. मग धडासाठी कापडाची घट्ट गुंडाळी आणि तिच्यातून आडवी जाणारी दुसरी बारीक गुंडाळी म्हणजे दोन्ही हात. पाय असायचेच असे नाही. नऊवारी नेसवल्यावर पायांची गरज कोणाला भासत नसे. केस काळ्या दोऱ्याचे, मागे खोपा. नाक म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध चिमटीत धरलेल्या कापडाला घातलेला एक टाका. डोळे काजळाने काढायचे, ओठ आणि टिकली कुंकवाने. शेवटी खणाच्या तुकड्याची चोळी आणि जुन्या लुगड्याचा काठ फाडून केलेली साडी.

काजळ आणि कुंकू पुसले जायचे. त्यामुळे या बाहुलीचा चेहरा कायमचा नसे. दर काही दिवसांनी तो नव्याने काढावा लागे आणि काढणारा हात दर वेळी तोच असेल याचा नेम नसे. आजीने काढलेले डोळे मोठे आणि शांत, मोठ्या बहिणीने काढलेले तिरके. बाहुली एकच, पण तिची मुद्रा बदलत राही, आणि मुलीला त्यात काही वावगे वाटत नसे. पुढे आयुष्यभर ही मुलगी आजीचा चेहरा विसरली तरी तिच्या हातचा टाका विसरत नाही. गोधडीवरचा धावदोरा पाहिला की बाहुलीच्या पाठीवरची शिवण आठवते, कारण दोन्ही एकाच बोटांनी घातलेले असतात.

चिंध्यांच्या बाहुलीला आणखी एक गुण होता. ती फाटली तर घाबरण्याचे कारण नसे. ज्या हातांनी ती केली ते हात घरातच होते. हात निसटला, शिवला. डोके ढिले झाले, दोरा पुन्हा आवळला. दोनतीन वर्षांत अशा बाहुलीत मूळचे कापड किती उरले हे सांगणे अवघड होई, पण ती तीच बाहुली आहे याविषयी मालकिणीला कधी शंका नसे.

लाकडाची ठकी

विकत मिळणारी जुनी मराठी बाहुली म्हणजे ठकी. ती लाकडाची. हातपाय सुटे नाहीत, ते अंगालगतच कोरलेले किंवा नुसते रंगाने दाखवलेले. चेहरा गोल, डोळे मोठे आणि काळ्या रेघेने कोरलेले, अंगावर लाल किंवा हिरवी साडी. पाठ बहुधा सपाट. हिचे हात निघत नाहीत की डोळे आत जात नाहीत. लहान मुलाच्या हातात द्यायला इतकी टिकाऊ वस्तू दुसरी नव्हती, आणि दात येणाऱ्या मुलांनी ठकीचे डोके चावून चावून रंग उडवलेला असे.

लाकडी खेळण्यांसाठी महाराष्ट्रात सावंतवाडीचे नाव पहिले निघते. मोती तलावाच्या या गावातली चितारआळी चिताऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. इथे लाकडी फळे, भाज्या, पाट, भातुकलीची चूल-जाते आणि बाहुल्या होतात. पांगाऱ्याचे लाकूड खेळण्यांसाठी पूर्वापार वापरात होते, कारण ते वजनाला हलके आणि हत्याराखाली मऊ. कारागीर लाकडाला आधी आकार देतो, घासून गुळगुळीत करतो, मग अस्तर आणि त्यावर रंग. सर्वांत शेवटी डोळे. चिताऱ्याच्या कामात खरी कसोटी इथे असते, कारण दोन डोळ्यांत केसभर फरक पडला तरी बाहुली तिरळी दिसते आणि पुसून पुन्हा काढायला खालचा रंग राहत नाही. हाच हात गंजिफांच्या, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाच्या, गोल पानांवर दशावतार रंगवत असे. गंजिफांची कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कामाला जागा दिली. चितारकाम आज डोळ्यांनी पाहता येते त्यात या प्रयत्नाचा मोठा वाटा आहे.

ठकीच्या आठवणी चिंध्यांच्या बाहुलीच्या आठवणींपेक्षा वेगळ्या असतात. ठकी कुशीत घेऊन झोपायला टोचते. ती मांडीवर घेऊन थोपटायची, पाटावर बसवून जेवू घालायची, भांडणात भावाच्या डोक्यात घालायची वस्तू होती. तिच्या अंगाचा पोपडा कुठे उडाला होता हे मात्र तितकेच नेमके सांगितले जाते.

लग्न आणि रुसवा

बाहुलीच्या आठवणी सांगता सांगता प्रत्येक जण एका प्रसंगाशी येऊन पोचतो. उन्हाळ्याची सुट्टी, मागचे अंगण किंवा जिन्याखालची जागा, आणि बाहुला-बाहुलीचे लग्न.

हा खेळ दोन घरांत विभागलेला असे. एकीची बाहुली, दुसरीचा बाहुला. आधी पाहण्याचा कार्यक्रम, मग देण्याघेण्याची बोलणी, आणि या बोलण्यांत आठनऊ वर्षांच्या मुली घरातल्या मोठ्यांची वाक्ये, हातवारे आणि नाक मुरडणे हुबेहूब उतरवत. मुंडावळ्या मोगऱ्याच्या कळ्यांच्या, अंतरपाट म्हणून हातरुमाल, अक्षतांसाठी आईच्या डब्यातले मूठभर तांदूळ. मंगलाष्टके म्हणायला एखादा मुलगा पकडून आणलेला असे. त्याला चाल येई आणि शब्द अर्धेच येत. पंगतीला बोळक्यांत चुरमुरे, दाणे-गूळ, आणि आई प्रसन्न असली तर शिरा. रुखवतात काडेपेटीचे कपाट आणि सिगारेटच्या चांदीच्या कागदाची ताटे.

खरा पेच वरात निघताना पडे. नियमाप्रमाणे बाहुलीने सासरी जायचे, म्हणजे मैत्रिणीच्या घरी राहायचे. इथे पुष्कळ लग्ने मोडली आहेत. मुलगी बाहुली छातीशी धरून घरात पळून जाई, व्याही-विहिणींत कट्टी होई, आणि संध्याकाळी दोन्ही आयांना मध्यस्थी करावी लागे. काही ठिकाणी तोड निघे: चार दिवस सासरी, चार दिवस माहेरी. काही बाहुल्या मात्र मैत्रिणीच्या बदलीबरोबर दुसऱ्या गावी गेल्या त्या कायमच्याच. साठ वर्षांनंतरही त्या मैत्रिणीचे नाव घेताना आवाजात किंचित धार येते.

या खेळाला एक काळोखी कडा आहे आणि ती झाकणे बरोबर नाही. शारदा कायदा १९२९ साली झाला आणि मुलीच्या लग्नासाठी किमान वय चौदा ठरले. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही काही पिढ्यांत बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी वर्षा-दोन वर्षांत स्वतः बोहल्यावर उभी राहत असे. अंगणातल्या रडण्यात मग निराळा अर्थ दिसू लागतो. सासरी निघालेल्या मुलीच्या पेटीत आईने गुपचूप बाहुली ठेवली, ही गोष्ट आज नाती-पणतींच्या तोंडी उरली आहे. सासरच्या घरी ती बाहुली काढून खेळता आली की नाही, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

माटुंग्यातल्या तमीळ घरांत बाहुल्यांचा संसार वेगळ्या रीतीने चालतो. नवरात्रात पायऱ्यांवर कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडला जातो. त्यात लाकडाच्या राजा-राणीची जोडी मानाची, आणि ती पुष्कळ घरांत आईकडून मुलीकडे आलेली असते. तिथे बाहुलीची आठवण काढावी लागत नाही, कारण ती दर वर्षी पेटीतून बाहेर येते, तिला नवे कपडे होतात आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा कापडात गुंडाळली जाते.

कचकडा

कचकडा या शब्दाचा मूळ अर्थ कासवाची ढाल. तिच्यापासून फण्या, डब्या, चष्म्यांच्या कडा होत. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० च्या सुमारास कापसाच्या धाग्यावर आम्लाची प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. ते कासवाच्या ढालीसारखे दिसे, तिच्या जागी खपे, म्हणून मराठीने जुनेच नाव नव्या वस्तूला दिले. बाहुल्याही त्याच्याच होऊ लागल्या आणि ‘कचकड्याची बाहुली’ हा शब्दप्रयोग नाजूक, दिखाऊ, जरा धक्का लागला तर कोलमडणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ झाला.

या बाहुल्या पोकळ असत. सेल्युलॉइडचे दोन पातळ पत्रे साच्याच्या दोन पाळ्यांत ठेवून मधून गरम वाफ सोडली की पत्रे मऊ होऊन साच्याच्या भिंतींना चिकटतात आणि कडा एकमेकींत मुरतात. म्हणून अशा बाहुलीच्या कानामागून खांद्यापर्यंत एक बारीक सांधा बोटाला लागे. कापूर मुबलक असलेला तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपान या खेळण्यांचा मोठा उत्पादक झाला आणि ‘जपानी बाहुली’ मुंबई-पुण्याच्या बाजारातून मराठी घरांत आली. गोरी, गुबगुबीत, गुलाबी गालांची, पिसासारखी हलकी.

ती मिळाल्याचा आनंद मोठा आणि तिचे आयुष्य छोटे. बोट जोरात रुतले की पोटाला पोचा पडे. गरम पाण्यात धरून तो काढायचा खटाटोप कधी साधे, कधी बाहुली कायमची वाकडी होई. चुलीपाशी नेली तर भडका. या पदार्थाच्या ज्वालाग्राहीपणामुळेच पुढे खेळण्यांतून तो हद्दपार झाला. टेबल टेनिसच्या मोठ्या स्पर्धांतला चेंडू मात्र २०१४ पर्यंत याच कचकड्याचा होता. ज्यांच्याकडे अशी बाहुली होती त्यांना तिचा कापरासारखा मंद वास आठवतो. देवघरात आरतीच्या वेळी तोच वास येई, आणि काहींच्या मनात देव आणि बाहुली हे दोघे त्या वासाने कायमचे शेजारी बसले आहेत.

डोळे मिटणारी

पुढची पिढी प्लास्टिकच्या बाहुलीची. तिचे अप्रूप एकाच गोष्टीत होते: आडवी केली की ती डोळे मिटते. यामागची रचना डोके उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि ती पाहण्यासाठी कितीतरी डोकी उघडली गेली. दोन्ही डोळे आतून एका तारेने जोडलेले असतात आणि तारेला खाली लोंबणारे लहानसे वजन असते. बाहुली उभी असली की वजन डोळे उघडे ठेवते. आडवी झाली की वजन खाली सरकते, डोळे फिरतात आणि पापण्या पुढे येतात. धूळ किंवा आंघोळीचे पाणी आत गेले की सांधा आखडतो. मग एक डोळा मिटतो आणि दुसरा टक्क उघडा राहतो. रात्री अंथरुणात शेजारी असा एक उघडा डोळा असणे काही मुलांना इतके भयंकर वाटे की तिच्या तोंडावर रुमाल टाकून झोपावे लागे.

रडणाऱ्या बाहुलीच्या पोटात एक डबी असे. तिच्यात भाता, वजन आणि पातळ पत्ती. बाहुली उलटी केली की वजनाने भाता दबतो, हवा पत्तीवरून जाते आणि आवाज निघतो. बाजाच्या पेटीच्या स्वरांचे जे तत्त्व तेच इथे. हातपाय मात्र अनेक बाहुल्यांत धडाच्या आतून ताणलेल्या रबराने एकमेकांना बांधलेले असत. वर्षानुवर्षांच्या उष्म्याने रबर जीर्ण होऊन तुटे आणि दोन्ही हात, दोन्ही पाय, कधी डोकेही एका क्षणात गळून पडे. ज्या मुलीच्या हातात हे घडले तिला तो आवाज आठवतो. वडिलांनी किंवा काकांनी संध्याकाळी कामावरून आल्यावर तारेचा आकडा करून, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते सगळे पुन्हा जोडले, हेही आठवते. एरवी मुलांशी चार शब्द न बोलणारा बाप कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात तासभर बाहुलीचा खांदा बसवत बसला, ही अनेक बायकांची वडिलांविषयीची सर्वांत कोवळी आठवण आहे.

लिस्बनमध्ये बाहुल्यांचे एक रुग्णालय १८३० पासून चालू आहे. मराठी घरांत हे काम शिवणयंत्राच्या खणात आणि हत्यारांच्या पेटीत भागत आले.

बार्बी अमेरिकेत १९५९ साली आली. भारतात ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मिळू लागली. ही बाळ नव्हती, मोठी बाई होती, त्यामुळे खेळ बदलला. थोपटण्याऐवजी केस विंचरणे, नटवणे आले. तिचे विकतचे कपडे महाग, म्हणून ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांतून तिचे परकर-पोलके आणि साड्या घरीच शिवल्या गेल्या. आज चाळिशीत असलेल्या कित्येकींनी पहिला टाका तिच्यासाठी घातला. सुई पुन्हा बाहुलीपाशी आली, फक्त या वेळी ती आजीच्या नव्हे, मुलीच्या हातात होती.

तशीच दुसरी का चालत नाही

हरवलेल्या बाहुलीऐवजी तशीच नवी आणून दिली तर मूल ती नाकारते, हा अनुभव बहुतेक आईवडिलांना येतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली छापलेल्या निबंधात या पहिल्यावहिल्या आवडत्या वस्तूचा विचार मांडला. मूल ती वस्तू ना पूर्णपणे स्वतःचा भाग मानते, ना पूर्णपणे बाहेरची. आईपासून थोडे दूर जाण्याचे बळ ते तिच्याकडून घेते. म्हणून तिच्यात बदल करण्याचा हक्क फक्त मुलाचा. मळलेली बाहुली आईने चांगल्या हेतूने धुतली की तिचा वास जातो आणि मुलाच्या दृष्टीने तिचे जिवंतपण संपते. पुढे ही वस्तू विसरली जात नाही आणि तिचे सुतकही पाळले जात नाही, ती हळूहळू अडगळीत सरकते, असे विनिकॉट म्हणतात.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले. त्यात एक वस्तू ठेवली की तंतोतंत तशीच दुसरी तयार होते, असा देखावा उभा केला होता. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुले खुशीने नवी प्रत घेत. रोज कुशीत घेऊन झोपायच्या वस्तूच्या बाबतीत बहुतेकांनी मूळचीच परत मागितली, आणि काहींनी ती यंत्रात ठेवायलाच नकार दिला.

हे मुलांच्या गाण्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. ‘लाडकी बाहुली’ या मराठी बालगीतात माळावर हरवलेली बाहुली पाऊस उघडल्यावर सापडते, तेव्हा तिला गाईने तुडवलेले असते आणि तिचा रंग गेलेला असतो. मैत्रिणी नावे ठेवतात, पण मुलीला ती तशीच प्रिय असते. चार्ल्स किंग्जली यांच्या १८६३ सालच्या ‘द वॉटर बेबीज’ या पुस्तकातल्या एका कवितेतही हीच कथा आहे. दोन्हीकडे बाहुली दुसऱ्यांदा आवडते ती मोडल्यानंतर.

पुरुषांच्या आठवणींत ही गोष्ट दबून राहते. मुलग्यांकडेही कापडी बाहुला, अस्वल, चादरीचा कोपरा असतोच. पण शाळेच्या वयात चिडवणे सुरू होते आणि तो बाहुला एक दिवस नाहीसा होतो. कोणी टाकला, कुठे गेला, हे त्यांना सांगता येत नाही. बायका बाहुलीचे सगळे चरित्र सांगतात, पुरुष बहुधा एवढेच सांगतात की ती होती. हे नुकसान लहान नाही.

माळ्यावरची पेटी

जुनी बाहुली सापडते ती बहुधा घर बदलताना. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून, जुन्या वह्यांखालून. ती आठवणीतल्यापेक्षा लहान असते, कारण तिला पाहणारे डोळे आता वरून पाहतात. नातीच्या हातात दिली तर नात कधी कधी दचकते. उडालेला डोळा तिला नुसता उडालेला डोळा दिसतो.

तिला पुढे टिकवायचे तर ती कशाची आहे हे आधी पाहावे लागते. मऊ प्लास्टिकची बाहुली वर्षांनी चिकट होते, कारण प्लास्टिक लवचीक ठेवण्यासाठी घातलेले तेलकट द्रव्य बाहेर झिरपते. तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले तर चिकटपणा वाढतो. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, म्हणून त्या जवळ नकोत. कचकड्याची बाहुली जुनी होताना आम्लाची वाफ सोडते, तिच्यामुळे शेजारचे कापड कुजते आणि धातू गंजतो, तेव्हा ती इतरांपासून वेगळी, हवेशीर आणि उष्णतेपासून दूर हवी. लाकडाच्या ठकीला भुंगेरा लागला का हे पेटीच्या तळाशी पडलेल्या बारीक भुकटीवरून कळते. चिंध्यांच्या बाहुलीचे शत्रू ओल आणि कसर. तिचे काजळ पाण्याने पसरते, म्हणून तिला धुवायचे नाही, फक्त मऊ ब्रशने झटकायचे. आणि गुंडाळायला संग्रहालयांतले जाणकार सुचवतात ते कापड म्हणजे रंग न लावलेले, अनेकदा धुतलेले सुती कापड. जुन्या धोतराचे असले तर तिचे डोकेही त्याच कापडाचे असते.